संगमरवर ओला आहे, हात लावू नका!

ऐकलंत का? सिल्वासाजवळच्या आपल्या मसाटमध्ये हल्ली कुणाकडे चहाला गेलं की आधी भिंतीची ओळख करून देतात, माणसांची नंतर. ‘ही आमची इटालियन,’ असं म्हणत बी विंगमधल्या ताईंनी टीव्हीमागची भिंत दाखवली. पांढरीशुभ्र, तिच्यातून राखाडी शिरा निघालेल्या, एखाद्या शिरेला सोन्याची कड. मी तोंडात बोट घालायच्या बेतात, तर आतून त्यांच्या सासूबाईंचा आवाज आला, ‘हात नका लावू गं कुणी, ओली आहे अजून!’

संगमरवर आणि ओला! आता बोला.

बरं, हे एकट्या ताईंचं असतं तर पोटात घातलं असतं. पण सगळी सोसायटीच बिघडली आहे. समोरच्या बेननी हॉलमध्ये धबधबा आणलाय, थ्रीडी वॉलपेपरचा. सोफ्याच्या डाव्या टोकाला, बरोब्बर त्या एका गादीवर बसलं की पाणी अंगावर येतं. जरा सरकलात की धबधबा कलंडतो आणि दगड हवेत तरंगायला लागतात. त्यामुळे पाहुणा आला की त्याला तिथेच बसवतात. दोघे आले तर पाळीपाळीने. चौथ्या मजल्यावर लोखंडी कपाटाला सागवानाचा रंग चढलाय, अगदी रेषा-गाठींसकट. दार लोटलं की मात्र पत्रा आपला जन्मजात खणखणाट करतो आणि बिंग फुटतं. एका घरी तर बाथरूमच्या जमिनीत मासे सोडलेत. चित्रातलेच, वर एपॉक्सीचा पारदर्शक थर. घरातला धाकटा आठवडाभर आंघोळीला जाईना. त्याची आई म्हणते मासा चावेल म्हणून घाबरतो. मला विचाराल तर पोरगं हुशार आहे, त्याला निमित्तच हवं होतं.

कहर केला तो तळमजल्यावरच्या भाऊंनी. मूळचे धुळ्याकडचे, इथल्या वसाहतीतल्या कंपनीत सुपरवायझर, एरवी माणूस शहाणा. त्यांच्या घराची भिंत विटांची. विटांवर प्लास्टर, प्लास्टरवर पुट्टी, पुट्टीवर प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात आणि या सगळ्यावर चिकटवलाय काय, तर विटांचा कागद! मी म्हटलं, ‘भाऊ, एवढे थर देऊन परत होतात तिथेच आलात की.’ तर गंभीर चेहऱ्याने म्हणतात, ‘तसं नाही हो. आतल्या विटा दिसायला चांगल्या नाहीत.’

आता यातली खरी लाजिरवाणी गोष्ट सांगते, जरा जवळ या. दुसऱ्या गावाने संगमरवराची नक्कल केली तर समजू शकतं. कुठून आणणार बिचारे? पण आपण राहतो सिल्वासाच्या कुशीत! इथे आयात संगमरवराची गोदामं आणि कारखाने आहेत. इटलीतल्या काराराच्या डोंगरातला ‘स्टॅच्युआरिओ’ समुद्र ओलांडून इथे येतो, लोखंडी चौकटींना टेकून उभा राहतो आणि मुंबईचे आर्किटेक्ट, त्यांच्या मागून गॉगल लावलेल्या यजमानीणबाई, असा ताफा तो निवडायला येतो. लादीवर पाण्याचा फवारा मारून शिरा बघतात, फोटो काढतात, कुणाच्या तरी वांद्र्याच्या हॉलसाठी नंबर टाकून जातात. आणि त्या गोदामापासून हाकेच्या अंतरावर आपण काय करतो? डबा उघडून ब्रशने शिरा काढतो. सागाचंही तेच. खानवेलकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग उभा आहे, आणि आपण सनमायकाच्या कॅटलॉगमध्ये ‘नॅचरल टीक’ शोधत बसतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा हे ऐकलं होतं. इथे सोनाराच्या आळीत राहून कथलाचा वाळा घालायचा आणि वर तो सोनारालाच दाखवायचा, अशी तऱ्हा.

तर ताईंची ती इटालियन कशी जन्माला आली, ते शेजारधर्म म्हणून मी दाराशी उभं राहून बघून घेतलं. शेजारधर्मच. रंगारी मूळचा उत्तर प्रदेशचा, काही वर्षं संगमरवराच्या घिसाई-पॉलिशच्या कामावर होता, मग धुळीचा त्रास व्हायला लागला म्हणून रंगकामात शिरला. त्याने आधी भिंत घासपेपरने अशी गुळगुळीत केली की माशी घसरावी. त्यावर मोतिया पांढऱ्या रंगाचे दोन हात. ते वाळल्यावर राखाडी रंग इतका पातळ केला की नुसतं गढूळ पाणी वाटावं, आणि तो स्पंजाने ठिकठिकाणी टिपला. लगेच कोरड्या मऊ ब्रशने वरच्यावर फिरवून त्याच्या कडा पुसल्या. भिंतीवर धुकं उतरलं. इथवर मला वाटत होतं, हे तर मीही करीन.

मग त्याने पिशवीतून काढलं पीस. कोंबडीचं का बगळ्याचं देव जाणे, पण पीसच. ते रंगात बुडवलं, बोटांच्या चिमटीत धरलं आणि भिंतीवरून ओढता ओढता चिमटीत फिरवत गेला. रेघ कुठे केसाएवढी, कुठे बोटभर, मध्येच तुटलेली, पुढे परत उगवलेली. ताई मागून सूचना देत होत्या, ‘भैया, और थोडा सीधा, और थोडा सीधा.’ तो वळला आणि म्हणाला, ‘दीदी, पत्थर की नस कभी सीधी नहीं जाती. दरार में से जाती है.’ आणि एक नस त्याने कोपऱ्यापर्यंत आणून चक्क सोडून दिली. ताई हवालदिल. एवढे पैसे मोजले आणि रेघ अर्धवट? त्याने समजावलं, खरी लादी कोपऱ्यात संपते, तिथे दुसरी लागते, तिची नस वेगळी. नस कोपऱ्यातून वळवून पुढे नेली की समजावं, दगड नाही, रंग आहे. नंतर त्याने मधोमध एक उभी बारीक सांध ओढली, पेन्सिलीच्या टोकाएवढी, आणि तिच्या उजवीकडे डावीकडचंच चित्र आरशात दिसावं तसं उलटं काढलं. गोदामात दोन जुळ्या लाद्या पुस्तक उघडल्यासारख्या शेजारी लावतात, त्याला बुकमॅच म्हणतात, त्याचीही नक्कल! शेवटी वार्निशचा हात. तो हात वाळायच्या आतच मी चहाला गेले होते, त्यामुळे सासूबाईंनी माझं बोट वाचवलं असं म्हणायचं, की भिंत, ते त्यांनाच ठाऊक.

खरं सांगू? नाक मुरडायला गेले आणि नाक तिथेच विसरून आले. माणसाच्या हाताला दगड कसा फुटतो हे ठाऊक होतं, म्हणून भिंत खोटी असूनही खोटं वाटेना. बाकीच्यांचं तसं नाही. सी विंगमध्ये पीव्हीसीचे मार्बल शीट लावलेत, आठ बाय चारचे. घाईने बघितलं तर राजवाडा. पण जरा वेळ बसा. चार फुटांवर तोच डाग, पुन्हा चार फुटांवर तोच डाग, तीच वेलांटी, तोच ठिपका. निसर्गाने कारारात लाखो वर्षं खपून एकाच छापाचा दगड काढला म्हणायचा! सांध्यांवर सोनेरी पट्ट्या. आणि बोटाच्या पेराने टकटक केली की आतून पोकळ हसण्याचा आवाज.

टकटक करू नये, हे मला मान्य. पण मैत्रिणींनो, सोय म्हणून सांगून ठेवते. तळहात टेकून बघा, खरा संगमरवर भर दुपारीही गार लागतो. स्विचबोर्डाच्या कडेला डोकवा, तिथे भल्याभल्यांचं पितळ उघडं पडतं. आणि अगदीच शंका राहिली तर चहाऐवजी लिंबू सरबत मागा आणि हात जरासा हलू द्या. खऱ्या संगमरवराला लिंबू सोसत नाही, आम्ल लागलं की त्याची झिलई जाते, पांढरट डाग कायमचा राहतो. रंगवलेल्याला काही होत नाही, फडक्याने पुसा. म्हणजे यजमानीणबाई किंचाळली तर दगड खरा, ‘असू दे गं’ म्हणाली तर डब्यातला. परीक्षा अचूक आहे, फक्त त्या घरी पुन्हा जाता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय हे कलियुग. कलियुग कसलं? हा प्रकार आपल्याकडे दोन हजार वर्षं चालू आहे, आणि तोही भल्या भिक्षूंच्या घरी. कार्ल्याचं चैत्यगृह बघितलंय ना? अख्खा डोंगर कोरलेला, वर दगडाचंच कमानदार छत. ते कशाच्याही आधाराशिवाय उभं राहतं, डोंगरच तो. तरीही त्याला आतून लाकडी कमानींच्या फासळ्या बसवल्यात. जुन्या लाकडी इमारतींना असायच्या, म्हणून इथेही हव्यात. त्या काहीही पेलत नाहीत, नुसत्या शोभेच्या. एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. पुढे अजिंठ्याच्या एकोणीस आणि सव्वीस नंबरच्या लेण्यांत त्याच फासळ्या दगडात कोरल्या. म्हणजे लाकडाची नक्कल, तीही जे मुळात शोभेचंच होतं त्याची नक्कल! आणि तिथल्या विहारांची छतं मान वर करून बघा, वर कापडाचा चांदवा ताणलाय असं वाटावं अशी रंगवलीत. याला आमच्या सोसायटीत फॉल्स सीलिंग म्हणतात आणि त्यात एलईडी पट्टी घालतात. त्यांनी तेवढं केलं नाही, हाच काय तो संयम.

मराठी माणसाच्या डोळ्यांना तर ही सवय नाटकाने लावली. संगीत नाटकांत राजवाडा, उद्यान, अरण्य, रस्ता, सगळं पडद्यावर रंगवलेलं असायचं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात नाव काढलं होतं. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 साली ‘सैरंध्री’ आला, हे सगळे सांगतात. पण हात बसला तो कापडावर खांब उभे करता करता. खांबाच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली, तळाशी जरा अंधार, की सपाट कापडाला पोट सुटतं. आमच्या आजोबा-पणजोबांनी तो महाल कापडी आहे हे ठाऊक असून तिकीट काढलं, आणि वाऱ्याने महालाची भिंत हलली तरी एकानेही पैसे परत मागितले नाहीत. पडद्यावरून आठवलं. ग्रीक चित्रकारांची एक गोष्ट रोमन लेखक प्लिनीने सांगून ठेवली आहे. झ्यूक्सिसने द्राक्षं अशी काढली की पक्षी चोच मारायला आले. मग तो ऐटीत पार्हासियसला म्हणाला, आता तुझ्या चित्रावरचा पडदा सार. तर पडदा हेच चित्र! एकाने पक्षी फसवले, दुसऱ्याने चित्रकार.

बेनच्या धबधब्याला मात्र मी रोमचा दाखला दिला आणि त्या खूष झाल्या. तिथे सांत इग्नात्सिओ नावाचं चर्च आहे. त्याला घुमट बांधणं काही जमलं नाही. मग आंद्रेआ पोत्सो या जेझुइट चित्रकाराने 1685 मध्ये सपाट कॅनव्हासवर घुमटच रंगवून वर लावून टाकला. जमिनीवर खूण केलेली आहे. त्या खुणेवर उभं राहिलं की घुमट खोल आकाशात जातो, चार पावलं पुढे गेलं की एका अंगाला झुकतो. म्हणजे सोफ्याच्या डाव्या टोकाची ती गादी ही जवळपास साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे. बेन लगेच म्हणाल्या, ‘तो पछी, गादीवर एक निशाण करून टाकते.’

या सगळ्याचा मनापासून राग येणारा माणूस म्हणजे जॉन रस्किन. 1849 च्या आपल्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात त्याने लाकडाला संगमरवराचा रंग देणं वगैरे प्रकारांना सरळ फसवणुकीत जमा केलं. आमच्या सोसायटीत आला असता तर जिन्यातच झीट येऊन पडला असता. पण गंमत बघा, त्याच रस्किनने सोन्याच्या मुलाम्याला सूट दिली. का, तर अख्खी इमारत सोन्याची आहे असं कुणालाच वाटत नाही, मग फसवणूक कसली! त्याच न्यायाने आमच्या ताईही निर्दोष सुटतात. टू बीएचकेमध्ये टीव्हीमागे स्टॅच्युआरिओची अख्खी लादी आहे, असं मसाटमध्ये कोण मानणार आहे? उलट त्यांचा खरा आनंद पुढचाच आहे. पाहुणा फसावा, त्याने ‘कुठून आणलात?’ विचारावं, आणि मग डोळे मिचकावून सांगावं, ‘रंग आहे हो!’ बिंग फोडण्यासाठीच भिंत रंगवलेली. रस्किनला हे कुठून कळणार? त्याच्या भिंतीला सासू नव्हती.

पण एक फॅशन आहे जिच्याबद्दल मी खरोखरच चिडलेली आहे. ती म्हणजे म्हातारं दिसण्याची. नवं घर, नवा फ्लॅट, आणि हॉलमध्ये ‘रस्टिक लुक’, म्हणजे पोपडे उडालेली, डागाळलेली, शंभर पावसाळे खाल्लेली भिंत, मुद्दाम केलेली. गोव्यातल्या बॉम जेझूच्या बासिलिकेला याच हौसेपायी काय भोगावं लागतंय ते विचारा. चुन्याचा गिलावा होता तिला. 1950 च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांनी तो काढवला, चर्च अधिक प्राचीन दिसावं म्हणून. आत जांभा दगड. गिलाव्याचं कवच गेलं, आता कोकणचा पाऊस थेट दगडाला लागतो आणि जांभा झिजत चाललाय. जाणकार सांगून थकले की गिलावा परत चढवा. पण लोकांना आता तीच लालसर, उघडीवाघडी इमारत ‘खरी’ वाटते. एका फॅशनने दिलेला चेहरा, सत्तर वर्षांत जन्माचा होऊन बसला.

आणि आपल्याकडे याहून मोठा विनोद घडतोय. या मुलखात वारली, कोकणा, धोडिया लोकांची घरं कुडाची असायची. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेण लिंपलेलं. त्याच भिंतीवर लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, मधोमध पालघट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणायची. पलीकडे डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रकला जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. इकडे कूड गेले, विटा-सिमेंट आलं, पक्कं घर झालं, बरंच झालं, ओल आणि वाळवीत राहायची हौस कुणाला असते? आणि आता त्याच गावाशेजारच्या फ्लॅटमध्ये कंपनीचा माणूस चौरस फुटाचा दर सांगून ‘मड फिनिश’ देऊन जातो! ॲक्रिलिकची माती, तिच्यात गवताच्या काड्या दिसाव्यात असे ओरखडे, वर वारलीचं स्टेन्सिल. तारप्याभोवतीचा नाच एका ठिकाणी चुकून उलटा बसलाय, म्हणजे तारपावाला डोक्यावर उभा. कामाला येणाऱ्या मावशी, स्वतः वारली, त्या भिंतीपुढे झाडू हातात घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘सारवल्यासारखं केलंय, पण वास नाही येत.’ मग जरा थांबून, ‘किती पडले?’ आकडा ऐकून त्या खाली बसल्या. त्यांच्या आईने तेच काम दर सणाला फुकट केलं होतं.

तरी या भूमीला दोष देत नाही. दादरा-नगर हवेलीला कागदावरच्या करामतींची जुनी सवय आहे. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. त्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी आपली माणसं होती, हे मराठी घरात कौतुकाने सांगतात. पण पुढे सात वर्षं हा मुलूख भारतात रीतसर नव्हताच. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला इथला कुणीतरी ‘राष्ट्रप्रमुख’ हवा. मग 1961 साली के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसापुरतं इथलं पंतप्रधान केलं. पंडित नेहरूंच्या समोर दुसरे पंतप्रधान बसले, सही केली, झालं. पंतप्रधानपद रंगवलेलं, सही मात्र शंभर नंबरी. योगायोग असा की 1954 सालीच, तिकडे मुंबईत, आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी हातात ब्रश-डबा घेतलेला गट्टू काढला होता. मला तर वाटतं तो पोरगा डबा घेऊन तेव्हाच मसाटच्या वाटेला लागला असावा.

या सगळ्या थाटाचा खरा परीक्षक म्हणजे इथला पाऊस. जुलै उजाडला की बाहेरच्या भिंतीतून ओल झिरपते, आणि मग इटालियन, सागवानी, मड फिनिश, सगळ्यांची जात एक होते. भाऊंच्या विटांचा कागद गेल्या पावसाळ्यात एका कोपऱ्यातून सुटून पुढे झुकला, आणि मागे काय दिसलं? फुगून निघालेलं प्लास्टर, आणि त्याच्या मागून डोकावणाऱ्या विटा. अस्सल. भाऊंनी घाईघाईने कागद परत चिकटवला. ‘आत्ता पाहुणे यायचेत,’ म्हणाले.

आणि आता ताजी बातमी. परवाच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की लिफ्टसमोरच्या आंधळ्या भिंतीवर खिडकी काढायची. रंगवलेली. ठराव एकमताने झाला, तंटा पुढे सुरू झाला. खिडकीतून काय दिसावं? बेनना दमणचा समुद्र हवा, भाऊंना सातपुडा, ताईंना कुठलातरी इटलीतला डोंगर, मावशींना कुणी विचारलं नाही, तरी त्यांनी जाता जाता ‘दमणगंगा काढा’ म्हणून सांगितलं. त्यावर पाऊण तास गेला आणि नदी मंजूर झाली. मग एकाने विचारलं, खिडकी उघडी की बंद? उघडी असेल तर डास. यावर लोक हसले, सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले की नियमाप्रमाणे पहिल्या मजल्यापर्यंतच्या प्रत्येक खिडकीला ग्रिल सक्तीची आहे, या खिडकीला सूट दिली तर उद्या सगळेच मागतील. रंगारी कोपऱ्यात उभा होता. त्याने विचारलं, ग्रिल साधी की डिझाइनची. डिझाइनच्या ग्रिलचं कोटेशन मागवलंय.